टक्कल, स्थळं आणि टोमणे: काय सांगावं, कधी सांगावं, काय लपत नाही

काठावरचा (धागाकर्ता)

केस गळू लागले तर काय लावावं याचे धागे ढिगानं आहेत आणि त्यातले बहुतेक तिसऱ्या प्रतिसादात कांद्याच्या रसापाशी येऊन अडकतात. हा धागा लोकांच्या वागण्या-बोलण्यासाठी. पंचविशी-तिशीतल्या मुलाचं कपाळ मागे सरकू लागलं की घरात, ऑफिसात आणि मुख्य म्हणजे स्थळं बघताना काय होतं, आणि त्यावर हातात काय असतं, हे माहीतगारांनी नेमकं लिहावं. 'आत्मविश्वास ठेवा' छापाचे प्रतिसाद नकोत.

आधी गैरसमज बाजूला काढू, कारण निम्मे टोमणे 'काळजी घेतली नाहीस' या समजुतीवर उभे असतात. कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून आणि भोवऱ्यापाशी सुरू होणारं पुरुषांचं नेहमीचं टक्कल जनुकं आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक यांच्यामुळे पडतं. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिलं की वयात येण्याआधी वृषण काढलेल्यांना असं टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागतात. हेल्मेटचा यात संबंध नाही. हिंजवडी-वाकडला राहायला गेलेला जो तो टँकरच्या पाण्याला शिव्या घालतो. क्षाराच्या पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, पण कपाळ मागे जात नाही. 'आईच्या वडिलांवर गेलाय' हेही अर्धंच खरं. एक्स गुणसूत्रावरचं एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, बाकीची बरीच दोन्हीकडून.

शिवाय एखाद्या भागातले निम्मे केस जाईपर्यंत विरळपणा डोळ्यांना फारसा कळत नाही. त्यामुळे घरच्यांना तो 'अचानक' दिसतो आणि अचानक म्हटलं की कुणाला तरी दोष द्यावासा वाटतो.

सूचकताई

वधू-वर सूचक मंडळाच्या टेबलावरून लिहिते. बायोडेटात उंची, वर्ण, रक्तगट, चष्मा, गोत्र, पगार सगळं असतं. केसांचा रकाना नसतो. ती माहिती फोटोवर सोडलेली असते, आणि फोटो असतो मित्राच्या लग्नातला, फेटा बांधलेला.

फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. एक समोरून, एक किंचित बाजूनं, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद. टोपी, फेटा, डोक्यावर चढवलेला गॉगल नको. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत धरायचा; हात उंच करून काढलेल्या सेल्फीत आहे त्याहून जास्त टक्कल दिसतं आणि मुलं नेमका तोच काढतात.

हेअर पॅच (टकलावर बसवायचा केसांचा तुकडा) असेल तर पहिल्या भेटीच्या आधी, फोनवर, मुलानं स्वतः मुलीला सांगायचं. मध्यस्थामार्फत नाही. मध्यस्थ त्याचं 'केस जरा पातळ आहेत' करून टाकतो आणि पुढे तोच शब्द फिरवतो. बोलायचं इतकंच: "माझे पुढचे केस गेलेत, फोटोत दिसतोय तो हेअर पॅच आहे. पॅचशिवायचा फोटो पाठवतो, तो बघून ठरवा." एवढं झालं की गप्प बसायचं. कारणमीमांसा, डॉक्टरांचं मत, 'पुढच्या वर्षी ट्रान्सप्लांट करणार आहे' वगैरे लगेच जोडलं की समोरच्याला वाटतं हा माफी मागतोय.

कुठे बिनसतं? आई म्हणते, "साखरपुडा होऊ दे, मग बघू." साखरपुड्यानंतर कळलं की भांडण केसांवर राहत नाही, 'अजून काय काय लपवलंय' यावर जातं. पगाराची स्लिप, घराचं कर्ज, आधीचं मोडलेलं स्थळ, सगळ्याची नव्यानं झडती. केवळ टकलावरून आलेले नकार साधे असतात. 'पत्रिका जुळत नाही' म्हणून संपतात आणि मुलाकडच्यांनी ते उकरून काढू नयेत.

आणि एक स्पष्टच लिहिते. 'आमच्या मुलाच्या केसांवर कुणी बोललं' म्हणून दुखावलेलं घर मुलीचा रंग आणि वजन यावर चहा पिता पिता बोलतं. तेव्हा कुणाला काही खटकत नाही.

काठावरचा

शेवटच्या परिच्छेदाला +१.

तुरटी

सलूनच्या खुर्चीमागून. सगळ्यात जास्त चेष्टा अर्धवट लपवण्याची होते. एका कानावरचे केस लांब वाढवून आडवे दुसऱ्या कानाकडे नेले की पंख्याखाली, लोकलच्या दारात, पहिल्या पावसात कारभार उघडा पडतो. बाजूचे केस दाट आणि लांब ठेवले की मधला मोकळा भाग आणखी मोकळा दिसतो. म्हणून बाजू कमी करा: कानाजवळ मशीनचा एक नंबर, वर चढताना दोन, माथ्यावर तीन किंवा चार. चकाकणारं जेल नको, त्यानं केस एकत्र चिकटतात आणि मधून कातडी दिसते. लावायचंच तर कोरडं, चमक नसलेलं वॅक्स, वाटाण्याएवढं. हलकी दाढी ठेवली तर नजर खाली येते.

माथा बहुतेक गेलाच असेल तर मशीन झिरो किंवा वस्तरा. घरी करणार असाल तर आधी ट्रिमरनं बिनगार्डचं उतरवा, मग कोमट पाणी दोन-तीन मिनिटं, मग जेल. पहिला हात केस ज्या दिशेनं वाढतात त्या दिशेनं. उलटा हात फक्त दुसऱ्या फेरीला आणि मानेवर शक्यतो नाहीच. तिथे केस कातडीत वळून फोड येतात. भोवऱ्यापाशी केस गोल फिरतात, तिथे छोटे छोटे फटके घ्या, ताण देऊ नका. शेवटी थंड पाणी, तुरटी. गुळगुळीत ठेवायचं तर दोन-तीन दिवसांआड हे करावं लागतं. सलूनमध्ये करत असाल तर अर्धं ब्लेड तुमच्यासमोर नवीन फोडलेलंच हवं. कावीळ बी आणि सी रक्तातून पसरतात, यात भीड बाळगू नका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. पहिल्यांदा काढल्यावर माथा चेहऱ्यापेक्षा दोन छटा पांढरा निघतो आणि जिथे केसांची रेघ होती तिथे कपाळावर सीमा आखल्यासारखी दिसते. माणूस आरशात बघून घाबरतो, दुसऱ्या दिवशी टोपी घालून ऑफिसला जातो आणि मग टोपी काढायला लावणारे भेटतात. त्यापेक्षा चार-सहा आठवड्यांत तीन नंबर, दोन, एक, झिरो असं उतरत या. रंग हळूहळू मिळतो आणि बघणाऱ्यांनाही सवय होते. उन्हात सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर, कानांच्या वरच्या कडेवरसुद्धा.

हसरा_भोपळा

ते ठीक, पण आपल्याकडे चमनगोटा बघितल्यावर पहिला प्रश्न 'घरात कोण गेलं?' आणि दुसरा 'तिरुपतीला जाऊन आलात का?' त्याचं काय?

तुरटी

मिशी ठेवा. सुतकात क्षौर करणारे बहुधा मिशीही उतरवतात, त्यामुळे मिशी दिसली की पहिला प्रश्न बऱ्याच अंशी गळतो. दुसऱ्याचं उत्तर 'नाही, केस कमी झालेत म्हणून काढले' एवढंच द्यायचं, हसून. प्रसाद मागणारे तरीही मागतील.

जुनं_पान

अवांतर, पण विषयाला धरून. पेशवाईतल्या किंवा अगदी एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुरुषाचं टक्कल कुणाला दिसायचं? पुढचं डोकं भादरलेलं, मागे घेरा किंवा शेंडी, आणि घराबाहेर पडताना पगडी, पागोटं, मुंडासं. बोडक्यानं चारचौघांत जाणं हेच असभ्य. केस वाढवून भांग पाडणं आणि उघड्या डोक्यानं फिरणं रूढ झाल्यावर तरुणाचं कपाळ मागे गेलंय की नाही हे बघायची सोय झाली. म्हणजे ज्याला 'पूर्वापार' समजतात ती लाज तशी अलीकडची आहे.

बिनकेसांच्या डोक्याची खरी जुनी शिक्षा आपल्याकडे बाईला होती. विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून मुंबईतल्या न्हाव्यांनी १८९० मध्ये संप केला; त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे होते. पुरुषांच्या टकलाचं दुःख सांगताना हे प्रमाण डोळ्यासमोर असावं.

टोपकर

पॅचबद्दल. नाटकाचा टोप आणि हा पॅच यांत फरक आहे. पाया तीन प्रकारचा येतो: लेस (जाळी; हवा खेळते, पुढची रेघ खरी वाटते, पण नाजूक), मोनो (दणकट, कडा दिसते) आणि पीयू, म्हणजे पातळ प्लास्टिकसारखा पापुद्रा (चिकटतो छान, पण घाम अडकतो). मुंबई-कोकणच्या दमटपणात पूर्ण पीयू घेतलात तर मे महिन्यात पस्तावाल. पुढे लेस आणि कडेला पीयूची पट्टी हा मधला मार्ग.

माप: डोक्यावर क्लिंग फिल्म ताणून गुंडाळा, वरून पारदर्शक टेपचे आडवे-उभे थर द्या, मार्करनं टकलाची सीमा आखा आणि साचा उचला. 'रेडी साइज बसेल' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पुढची रेघ भुवयांच्या मधोमध चार बोटं ठेवून त्याच्या वर. पस्तिशीच्या माणसाला अठरा वर्षांच्या मुलाची सरळ, खाली उतरलेली रेघ आणि गच्च दाट केस बसवले की रस्त्यावरचा माणूसही ओळखतो. दाटी मुद्दाम कमी मागा. रंग बाजूच्या केसांशी जुळवा, मिशीशी नाही. उन्हानं पॅच तांबूस होत जातो, बाजूचे केस काळेच राहतात; ट्यूबलाइटखाली कानाच्या वर दोन रंगांची शिवण दिसते ती त्यामुळेच.

बसवणं: क्लिप, टेप किंवा गोंद. क्लिप रोज काढता येते, पण वर्षानुवर्षं त्याच जागी ओढ बसून तिथले चांगले केसही जातात. टेप-गोंदासाठी आधी हाताच्या आतल्या बाजूला तुकडा लावून ४८ तास थांबा. खाज, पुरळ आलं तर तो गोंद बाद. दर तीन-चार आठवड्यांनी सर्व्हिसिंग: स्प्रेनं टेप सोडवणं, डोकं स्पिरिटनं पुसणं, बाजू कापणं, पॅच धुऊन वाळवणं, नवी टेप. ओढून काढाल तर लेस फाटते. खऱ्या केसांचा पॅच साधारण सहा महिने ते वर्षभर चालतो. खर्च धरताना पॅचची किंमत धरतात आणि वर्षाच्या तेरा ते सतरा सर्व्हिसिंग विसरतात.

हेल्मेट पुढून मागे चढवा, आत पातळ सुती टोपी. उलटं चढवलं की पुढची टेप सुटते.

आणि सूचकताईंचं बरोबर आहे. पॅच सोबत झोपणाऱ्या माणसापासून लपत नाही. जो दुकानदार 'बायकोलाही कळणार नाही' म्हणतो, त्याच्याकडून उठा.

फार्मसी_काउंटर

औषधांचं लपवणं जास्त महागात पडतं, म्हणून लिहितो. बाजारात खऱ्या अर्थानं चालणारी दोनच.

मिनॉक्सिडिल ५ टक्के, दिवसातून दोनदा १ मिली, कोरड्या कातडीवर. ६० मिलीची बाटली बरोबर महिनाभर पुरते. तुमची तीन महिने पुरत असेल तर तुम्ही ते लावतच नाही आहात. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते. जुने केस पडून नवे चक्र सुरू होत असतं, पण लोक नेमके इथेच घाबरून सोडतात. फरक कळायला चार ते सहा महिने. बंद केलं की मिळवलेलं तीन-चार महिन्यांत जातं. द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलनं खाज सुटत असेल तर फोम घ्या, त्यात ते नसतं. घरात मांजर असेल तर फार सांभाळा; उशीवरून चाटलेलं थोडंसं मिनॉक्सिडिलसुद्धा मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

फिनास्टेराइड १ मिग्रॅ, रोज एक, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. अमेरिकेत १९९७ पासून टकलासाठी मान्य. काहींना कामेच्छा कमी होणं, ताठरतेची तक्रार, मन खचणं असे परिणाम होतात. युरोपच्या औषध नियामकानं मे २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हाही दुष्परिणाम म्हणून नोंदवला. मन उदास वाटू लागलं तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जा. आता लाजेचा भाग. लग्नानंतर गोळ्या मल्टिव्हिटॅमिनच्या डबीत लपवतात. गरोदर बाईनं फुटलेली गोळी हाताळायची नसते. मूल होण्यासाठी तपासण्या चालू असतील तर वीर्यावर परिणाम होऊ शकतो म्हणून ते सांगायलाच हवं. पन्नाशीत प्रोस्टेट ग्रंथीसाठी करतात त्या पीएसए तपासणीत आकडा निम्मा येतो, डॉक्टरांना गोळी माहीत नसेल तर रिपोर्ट चुकीचा वाचला जातो. रक्तदानाआधी विचारतात तेव्हाही सांगा.

बाकी तेलं. औषध नियमावलीच्या परिशिष्ट 'जे' मध्ये टक्कल हा शब्द स्पष्ट आहे, म्हणजे औषधानं टक्कल बरं होतं असा दावा लेबलवर करताच येत नाही. तरी पंजाबात संगरूरला मार्च २०२५ मध्ये टक्कल घालवण्याच्या शिबिरात तेल लावून घेतलेल्या साठाहून अधिक लोकांचे डोळे सुजले.

ग्राफ्ट_मोजा

ट्रान्सप्लांटवर थोडक्यात, कारण 'लग्नाआधी करून टाक' हा सल्ला घरोघरी मिळतो. ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढलेला केसांचा पुंजका; एकात एक ते चार केस. मागच्या पट्ट्यातून काढायचे, तिथे परत उगवत नाहीत, त्यामुळे साठा मोजका. पंचविशीत खाली रेघ आखून सगळा साठा पुढे लावला आणि पुढच्या दहा वर्षांत मागचं गेलं तर पुढे केसांचं बेट आणि मागे मोकळं मैदान राहतं. लावलेले केस दोन-चार आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवतात, पूर्ण चित्र वर्षानं. म्हणजे मार्गशीर्षातल्या मुहूर्तासाठी दिवाळीत करायला जाऊ नका, लग्नाच्या फोटोत पहिल्यापेक्षा विरळ दिसाल.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे की हे काम प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनं करायचं. विचारा: भोकं कोण पाडणार, भूल कोण देणार, ॲलर्जीची प्रतिक्रिया आली तर काय सोय आहे? २०१९ मध्ये मुंबईत एकाचा केसरोपणानंतर जीव गेला; ॲलर्जीच्या प्रतिक्रियेचा संशय होता. आणि बिलावर १८ टक्के जीएसटी धरा. आरोग्यसेवेची सूट केसरोपणाला नाही.

हसरा_भोपळा

दक्षिण कोरियात अध्यक्षपदाचे तेव्हाचे उमेदवार ली जे-म्युंग यांनी २०२२च्या प्रचारात केसगळतीचे उपचार आरोग्य विम्यात आणू म्हटलं होतं. आपल्याकडे कर.

कोर्ट_पायरी

'लपवलंय' हा शब्द वर आला म्हणून. हिंदू विवाह कायदा, कलम १२(१)(क): संमती मिळवताना प्रतिवादीविषयीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत फसवणूक झाली असेल तर विवाह रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मुदत फसवणूक कळल्यापासून एक वर्ष, आणि कळल्यानंतर स्वेच्छेनं एकत्र राहिलेलं नसावं. टक्कल 'महत्त्वाची वस्तुस्थिती' आहे का हे प्रत्येक प्रकरणात पुराव्यावर ठरेल, पण तक्रारी होतात: २०२० मध्ये मिरा रोडला नवऱ्यानं टोपाखाली टक्कल लपवलं म्हणून पत्नी पोलिसांत गेली होती. सूचकताईंचा फोन व्हॉट्सॲपवर लेखी करून ठेवलात, पॅचशिवायच्या फोटोसकट, तर हा प्रश्नच मिटतो.

ऑफिसातल्या चेष्टेबद्दल: इंग्लंडमध्ये २०२२ साली रोजगार न्यायाधिकरणानं पुरुष सहकाऱ्याला टकलावरून शिवी देणं हा लिंगाशी निगडित छळ ठरवला, २०२३ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. आपल्याकडे २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात तक्रारदार स्त्रीच असते, तेव्हा पुरुषाला तो मार्ग नाही. कंपनीच्या आचारसंहितेखाली लेखी तक्रार हाच रस्ता: तारीख, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. आधी त्याच माणसाला एकदा एकट्यात 'त्या नावानं हाक मारू नकोस' म्हणावं आणि त्याचीही नोंद ठेवावी. चारचौघांत हसून सोडलेलं असेल तर पुढे 'त्यालाही चालायचं' हा बचाव येतो.

त्वचा_ओपीडी

एक वेगळं प्रकरण यात मिसळू नका: चाई. रुपयाएवढे गोल, गुळगुळीत चट्टे, कधी दाढीतही. शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते त्यामुळे होतं. संसर्गजन्य नाही. तरी कंगवा वेगळा, टॉवेल वेगळा, न्हावी खुर्चीत बसवायला कुरकुर करतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'संसर्गजन्य नाही' असं मराठीत लिहून मागा, मोबाइलमध्ये ठेवा. चट्टे थोडे असतील तर स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं देतात. बिब्बा, लसूण, मिरी चोळू नका. बिब्ब्यानं कातडी भाजून कायमचा व्रण पडला की तिथे केस उगवायची जागाच राहत नाही. लहान मुलांत खवले आणि तुटके केस दिसले तर मात्र तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. तो पसरतो आणि गोळ्यांनी बरा होतो.

लोक किती पटकन वाळीत टाकतात याचं उदाहरण बुलढाण्याचं. डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत बायका-पुरुषांचे केस काही दिवसांत गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. तोवर कॉलेजच्या मुलामुलींचं शिक्षण अडलं, ठरलेली लग्नं मोडल्याच्या बातम्या आल्या. बहुतेकांचे केस पुढे परत येऊ लागले.

काठावरचा

टोपकर, एक राहिलं. मांडवात फेटा बांधायचा असेल तर पॅचचं काय?

टोपकर

सर्व्हिसिंग लग्नाच्या दोन दिवस आधी, त्याच दिवशी नको. ताजी टेप पक्की बसायला एक रात्र जाऊ द्या. फेटेवाल्याला आधीच कल्पना द्या. तो पहिला पेच कपाळावर करकचून आवळतो, ती ओढ थेट पुढच्या लेसवर येते. कपाळावर सुती पट्टी बांधून तिच्यावर फेटा चढवायला सांगा आणि काढताना पुढून उचला. तयार फेटा घेणार असाल तर अर्धा इंच सैल घ्या.

सूचकताई

आणि मुंडावळ्या फेट्यावरूनच बांधा, खालून नाही.